खोट्या पुरातला चहा

आमच्या गावात पूर दोनदा आला. आधी खोटा आला, मग खरा. खोट्या पुराला साहेब होते, मांडव होता, वर्ध्याहून आणलेला फोटोवाला होता, चहा होता. खऱ्या पुराला यातलं कुणीही आलं नाही. आणि वर लोक मलाच म्हणतात, बाई, तुम्ही फार तोडून बोलता! बोलते. माझ्या जागी उभं राहून बघा, मग सांगा.

पन्नास सालानंतरची गोष्ट आहे, आम्ही अजून मध्य प्रदेशात होतो तेव्हाची. पुलगावच्या अलीकडे, वर्धा नदीच्या काठाला आमचं गाव. वरचं गाव टेकाडावर, आमची वस्ती खाली, नदीच्या तोंडाशी. वस्तीला तेव्हा जे नाव होतं ते मी आता उच्चारत नाही. बौद्ध झालो त्या दिवशी ते मागं टाकलं. घरात आम्ही तिघं. माय, माझा थोरला भाऊ आणि मी. बाप मी रांगत होते तेव्हाच गेला. भाऊ कापसाच्या जिनात सरकी वाहायचा, मी चौथी पास होऊन कापूस वेचायला जायची. वय असेल सतरा-अठरा.

मायला दमा होता. साधासुधा नाही, जीवघेणा. पावसाळ्यात तर तिच्या छातीचा आवाज शेजारच्या झोपडीत ऐकू जायचा. डॉक्टरनं आम्हाला बजावून ठेवलं होतं, हिला भिजू द्यायचं नाही, भिजली तर माझ्याकडे आणू नका. त्यामुळे मिरग लागला की माझं आणि भावाचं एकच काम, माय कोरडी राहिली पाहिजे. आमची गोधडी भिजो, पीठ भिजो, माय भिजता कामा नये.

पूर आम्हाला नवा नव्हता. नदीचं पाणी लाल झालं, त्यावर फेस आणि काडीकचरा दिसायला लागला, की वस्तीतलं कुणीतरी म्हातारं माणूस हाक द्यायचं, "चला रे, लाइनीवर!" लाइन म्हणजे रेल्वेचा भराव. मधला नाला ओलांडला की तो उंच भराव, आणि त्याच्या कडेला गँगमन लोकांचं टिनाचं शेड. गँगमन आमच्यातलेच, कुणाचा मामा, कुणाचा साळा. मायला बाजेवर घालून, शेळ्या हाकत, कोंबड्या टोपल्याखाली घेऊन सगळी वस्ती तिकडे जायची. शेडमध्ये चूल पेटायची, भाकरी व्हायच्या, बायका एकमेकींच्या उवा काढत बसायच्या. पाणी उतरलं की घरी येऊन गाळ उपसायचा. याला कुणाचा हुकूम लागत नव्हता, कुणाची परवानगी लागत नव्हती.

मग सरकारला आमची काळजी वाटायला लागली.

वरून हुकूम आला होता तो म्हणे समुद्राच्या वादळाचा. समुद्रावरून मोठं तुफान आलं तर अंमलदारांनी काय करायचं, लोकांना कुठं हलवायचं, कुणाला कुठं ठेवायचं, याची आधीच तालीम करा. आता आमच्याकडे कुठला आलाय समुद्र! पण हुकूम तो हुकूम. कचेरीतल्या साहेबांनी नदीलाच समुद्र मानलं आणि तालमीसाठी आमचं गाव धरलं. साहेब जबलपूरकडचे, बोलणं हिंदी, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी ‘मान लो’. "मान लो तूफान आ गया. मान लो पानी चढ़ गया." वैशाखाचं ऊन डोकं फोडत होतं, नदीत घोट्याएवढं पाणी, त्यात म्हशी बसलेल्या, आणि आम्ही काठावर उभे राहून मान डोलावत होतो, हो जी, चढलं जी.

साहेबांची योजना मात्र पक्की होती. खालच्या एकेका घराला त्यांनी वरचं एकेक घर नेमून दिलं. पूर आला की त्या घरी जायचं. कुणाला पाटलाचं घर आलं, कुणाला तेल्याचं, कुणाला मास्तरचं. आम्हाला आलं गावातलं सगळ्यात मोठं घर, कापसाच्या शेठजींचं. वस्तीतल्या बायकांनी मायकडे असं पाहिलं, जसं काही तिला सोनंच लागलं.

आणि एक गोष्ट साहेबांनी हातातली छडी मांडवाच्या खांबावर आपटून सांगितली. लाइनीकडे कुणी जायचं नाही. तो रेल्वेचा इलाखा, गाडीखाली माणसं कापली जातील. शिवाय माणसं अशी पांगली तर सरकारनं मदत पोचवायची कुणाला? "अपने दरवाज़े पर जाना, और वहीं रुकना. हिलना नहीं."

भाऊ मागून बोलला, "काऊन जी? आजवर आमी लाइनीवरच जाऊन राह्यलो ना."

साहेब हसले. म्हणाले, तो जमाना गेला. आता राज्य तुमचं आहे, गाव तुमचं आहे, रुळावर कशाला बसता? अशी भाषा आमच्याशी आजवर कुणी केली नव्हती. मायचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, माझेही आले.

तालमीच्या दिवशी साहेबांना एक आजारी माणूस हवा होता. "मान लो ये बीमार है," असं म्हणून त्यांनी मायला बाजेवर झोपवलं. मानायचं काय त्यात, होतीच की ती! बाजेचे दोन खूर आमच्या माणसांनी धरले आणि दोन वरच्या गावातल्या पोरांनी. साहेब समोर उभे, तेव्हा करतात काय बिचारी? त्यांच्या आया गल्लीत उभ्या राहून बघत होत्या. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. पण तेव्हा मला त्यात गंमत वाटली होती.

शेठाणी दारात उभी होती. जरीचं लुगडं, नाकात नथ, गोरीपान बाई. वयानं मायच्याच बरोबरीची असेल. "या बाई, या, घाबरू नका," म्हणाली. मायला त्या गल्लीतून आजवर ‘ए’ म्हणूनच हाक आली होती. ‘या’ ऐकल्यावर तिनं बाजेवरूनच हात जोडले. बाज ओसरीवर नेऊन ठेवली. होय, ओसरीवर! आत, छपराखाली, सारवलेल्या जमिनीवर.

"मान लो इनको चाय दी जा रही है," साहेब म्हणाले. शेठाणीनं निळ्या फुलाच्या कपात चहा आणला, वाकली आणि स्वतःच्या हातानं मायच्या ओठाला लावला. फोटोवाला काळ्या कापडात शिरला. मग बाहेर आला, म्हणाला जरा इकडून, जरा तिकडून, बाई हसा. त्यात चहा गार झाला, तर शेठाणीनं दुसरा करून आणला. मायनं तोही संपवला. इतकी साखर तिनं जन्मात खाल्ली नव्हती.

निघताना शेठाणी म्हणाली, "बाई, खरा पूर आला तरी सिद्दं माह्याच घरी येजो. दुसऱ्याच्या दारात नोको जाजो." आणि मी कप धुवायला न्यावा म्हणून उचलला, तर म्हणाली, "राहू दे पोरी. तुमालेच देला. घेऊन जाजो."

मायला आभाळ ठेंगणं झालं. कप घरी आला आणि भिंतीतल्या देवळीत बसला. त्यातून कुणी कधी पाणीसुद्धा प्यालं नाही. कुणी पाहुणा आला की माय तो खाली काढायची, पदरानं पुसायची आणि सांगायची, शेठाणीनं देला, आपल्या हातानं पाजला. ऐकून ऐकून आमचे कान किटले.

खरा पूर पोळ्याच्या सुमाराला आला. आधी झड लागली. आमच्याकडे झड म्हणजे दिवसामागून दिवस न थांबता पडणारा पाऊस. एका दुपारी मी नदीकडे गेले तर पाणी लाल, वर फेस. पळत घरी आले. भावानं तोवर बाज उलटी करून झटकली होती.

"माय, चल लाइनीवर. नाला अजून ओलांडता येते."

"नाई," माय म्हणाली.

"काऊन नाई?"

"साहेबानं काय सांगतलं होतं? आपलं घर नेमून देलं हाये."

"अवं माय, तो खेळ होता!"

"सरकार कधी खेळ करते काय रे? आन् ती बाई वाट पाहून राह्यली असन. तिले वाटन आमी कोठी गेलो." एवढं बोलायला तिला तीनदा श्वास घ्यावा लागला. वाद घालायला वेळ नव्हता. बाहेर पाहिलं तर सगळी वस्ती वरच्या गावाकडेच निघाली होती. तालीम सगळ्यांच्या अंगात मुरली होती. आपलं दार, आपली माणसं, पांगायचं नाही. मायनं कप फडक्यात गुंडाळून छातीशी धरला, वरून आम्ही तिच्यावर घोंगडी आणि पोती टाकली, आणि मी आणि भावानं बाज उचलली.

वरच्या गल्लीत शिरलो तर एकेका बंद दारापुढे आमच्यातलं एकेक घर उभं.   आम्ही शेठजींच्या दारात बाज ठेवली आणि कडी वाजवली. खूप वेळानं बाजूच्या खिडकीची फळी उघडली आणि गजांमागे शेठाणी दिसली.

"कोन व?"

"बाईसाहेब, आमी. खालचे," मी म्हटलं. "पूर आला."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, बाजेकडेही पाहिलं नाही. तिची नजर आमच्या डोक्यावरून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली.

"साहेब आले काय?"

"नाई."

"मंग?"

 

माय घोंगडीतून उठून बसली. "बाईसाहेब, तुमीच म्हनलं होतं ना, सिद्दं येजो म्हनून. हा पाहा, तुमचा कपबी आनला. याच्यातच द्या घोटभर, दुसरं भांडं नोको तुमचं." आणि तिनं कप फडक्यातून काढून खिडकीकडे धरला.

शेठाणी झटकन मागे सरली. "ठेव, ठेव! तिकडंच ठेव. तो तुमालेच देला होता ना, इकडं कायले आनला?"

तिथं, त्या पावसात उभ्या उभ्या माझ्या डोक्यात उजेड पडला. कप तिनं भेट म्हणून दिलाच नव्हता. आमच्या ओठाला लागलेला कप त्या घरात ठेवता येत नव्हता, म्हणून तो आमच्या हातात दिला होता. उकिरड्यावर टाकायचे कष्टसुद्धा तिनं घेतले नाहीत, तेही आमच्याकडूनच करून घेतले. आणि आम्ही? आम्ही तो देवळीत ठेवून पुसत बसलो होतो. कपाळ आमचं!

"घरात सासूबाईचं सोवळं हाये," खिडकीतून आवाज आला. "शेठजी पुलगावले गेले. ते आले का पाहू. तुमी थांबा." आणि फळी लागली.

थांबा. साहेबांनीही हेच शिकवलं होतं. म्हणून आम्ही थांबलो! बाज ओट्यावर, वळचणीखाली तरी घ्यावी म्हणून भावानं उचलली, तर आतून म्हातारीचा आवाज आला, "ओट्यावर नोको!" बाज पुन्हा गल्लीत. घोंगडीतून पाणी आत गळायला लागलं. मायची छाती वाजत होती, आणि ती आम्हालाच समजावत होती, "थांबा म्हनते ना ती. उघडन. दार उघडाले येळ लागते."

भाऊ नाल्याकडे पळत गेला आणि परत आला. नुसती मान हलवली. नाला भरून वाहत होता, लाइन गेली होती हातची. टेकाडावरून पलीकडचं टिनाचं शेड दिसत होतं, आणि त्याच्यातून धूर निघत होता. आमच्या वस्तीतलं एक घर तालमीच्या वेळी लग्नाला गेलं होतं. त्यांना दार-बीर काही नेमून दिलेलं नव्हतं. ती माणसं मुकाट्यानं लाइनीवर गेली होती आणि तिथं कोरडी बसून भाकरी भाजत होती.

मग माझा तोल गेला. मी दारावर लाथा घातल्या. जे तोंडाला आलं ते बोलले, आणि त्यातला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही. मायच्या हातातला कप हिसकला आणि त्या दारावर असा मारला की त्याचे तुकडे ओट्यावर पसरले. इतका वेळ भिजूनही माय रडली नव्हती. कप फुटला तेव्हा रडली.

दार उघडलं नाही. शेवटी आम्ही आठवडी बाजाराच्या जागेत एका सोडलेल्या बैलगाडीखाली आसरा घेतला. ती रात्र कशी गेली ते मी सांगत बसत नाही. सकाळी पाणी उतरलं. कोणी बुडालं नाही.

साहेब काही दिवसांनी आले, जीपमधून. शेठाणी त्याच जरीच्या लुगड्यात दारात उभी होती. साहेबांनी पाटलाला विचारलं, सगळे आपापल्या नेमलेल्या घरी पोचले होते? पाटील म्हणाले, हो जी. कोणी बुडालं? नाही जी. "बहुत अच्छा," साहेब म्हणाले, "तालीम काम आई."

भाऊ पुढे झाला. "साहेब, दारं उघडली नाईत. कोनाचंच नाई उघडलं."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही, खरंच सांगते, जरा कंटाळल्यासारखं पाहिलं. "लेकिन पहुँचे तो थे ना?" म्हणाले आणि जीपमध्ये बसले. त्या माणसावर मी विश्वास ठेवला होता. राज्य तुमचं आहे म्हणाला होता तो!

मायच्या छातीत पाणी झालं. डॉक्टरकडे नेलं, त्यानं आमच्याकडे नुसतं पाहिलं. अंथरुणावर पडल्या पडल्या ती शेठाणीचीच बाजू घ्यायची. "सासू आडवी आली असन. बाई चांगली हाये."

मी ओरडायची तिच्यावर. "माय, ती चांगली नाई! चांगली नाई ती!"

"तिनं आपल्या हातानं माह्या तोंडाले कप लावला होता व. असं कोनी खोटं खोटं लावते काय?"

दसऱ्याच्या आत माय गेली.

पुढं आम्ही बौद्ध झालो, गाव सोडलं. मी आणखी शिकले आणि मास्तरीण झाले. नोकरीच्या कामासाठी एकदा कचेरीत जावं लागलं. बाकावर बसले होते, सहज समोर पाहिलं, तर भिंतीवर माय!

काचेच्या चौकटीत होती. बाजेवर पडलेली, मान जराशी वर केलेली, डोळे अर्धे मिटलेले, ओठाला कप, आणि हसत होती. खाली लिहिलं होतं, ‘पूरग्रस्तांना गावकऱ्यांचा आधार’. ऊन इतकं लख्ख की ओसरीवर खांबांच्या सावल्या पडल्या होत्या. पुराच्या फोटोत ऊन कसं, हा प्रश्न त्या कचेरीत एवढ्या वर्षांत एकाही मेल्याला पडला नाही.

कारकून म्हणाला, "काय पाहता बाई?"

"ही माझी आई."

तो खुर्चीतून उठलाच. "अरे वा! म्हणजे पुरातून वाचलेल्या बाई त्या तुमच्याच मातोश्री!"

 मी म्हटलं, फोटो द्या. तो म्हणाला, सरकारी आहे. मी पुन्हा गेले, पुन्हा गेले. त्याला वाटत असेल ह्या बाईला दुसरा उद्योग नाही. पण मायचा दुसरा फोटोच नव्हता. आम्ही कुठं फोटो काढायला जाणार होतो? तिचं तोंड या जगात त्या एका कागदावर उरलं होतं. शेवटी राज्य बदललं, महाराष्ट्र झाला, कचेरीला नवा चुना लागला, भिंतीवर नवे फोटो आले, आणि कारकुनानं मायला काढून माझ्या हातात दिलं. "चौकट आणि काच सरकारी," म्हणाला, "कागद घेऊन जा."

घरी आले आणि कात्री घेऊन बसले. भाऊ समोर बसून बघत होता. आधी दार कापलं. मग नथ, जरीचं लुगडं, तो गोरा चेहरा, खांदा, सगळं कापून चुलीत टाकलं. कापत कापत मनगटापर्यंत आले आणि थांबले.

"ते काऊन ठेवलं?" भाऊ म्हणाला. "तेबी काप ना."

मी कागद त्याच्यापुढे धरला. कप धरलेली तिची बोटं मायच्या हनुवटीवर टेकली होती. हात कापायचा तर हनुवटी जाते, ओठ जातात, मायचं हसणं जातं. भावानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि मला परत दिला.

म्हणून तो हात अजून माझ्या घरात भिंतीवर आहे.